शिडाच्या जहाजांची गोष्ट लिहायचीये? आधी वारा कुठून येतोय ते ठरवा

शिडाच्या जहाजांवरची साहसकथा लिहायची खाज बऱ्याच जणांना असते, मलाही होती. पहिल्या ड्राफ्टमधे मी काय केलं, तर माझ्या कॅप्टनला शत्रूचं जहाज दिसतं, तो म्हणतो "सरळ त्याच्यावर घ्या" आणि जहाज निघतं सरळ, एकदम झोकात. एका ओळखीच्या माणसाने ते वाचलं, तो स्वतः शिडाच्या होड्या चालवतो, आणि त्याने एकच प्रश्न विचारला, वारा कुठून येतोय? मी म्हणलं समोरून, कारण दोन पानं आधी मीच लिहून ठेवलं होतं की कॅप्टनच्या तोंडावर गार वारा येत होता. तो हसायलाच लागला. अरे मग तुझं जहाज पुढे कुठलं, मागे जाईल. अख्खा चॅप्टर गेला कचऱ्यात.

तर हे सगळं मुख्यतः त्या एका प्रश्नाबद्दल आहे. तोफा, रम, चाबूक, हे येईलच खाली, पण ते कोणीही चार पुस्तकं चाळून गोळा करू शकतं. वारा तुम्ही ठरवला नाहीत तर मात्र गोष्ट पहिल्या पानापासून लंगडते आणि वाचणाऱ्याला कळतही नाही की नेमकं काय खटकतंय. काळ साधारण १७०० ते १८१५ धरतो, बहुतेकांना याच काळातलं लिहायचं असतं.

वाऱ्याचं गणित

हे एकदाच नीट समजून घ्या, परत बघायला लागणार नाही. कंपासच्या तबकडीवर तेव्हा ३२ घरं असायची, एक घर म्हणजे सव्वाअकरा अंश. आडव्या वाशांवर चौकोनी शिडं टांगलेलं मोठं जहाज वाऱ्याच्या दिशेपासून साधारण सहा घरं लांब राहूनच चालू शकतं, म्हणजे ६७ अंशांच्या आसपास. दोन्ही बाजूंचे मिळून जवळजवळ १३५ अंश तुमच्या हिरोला बंद. तिकडे जायचंच असेल तर नागमोडी जायचं, आणि हिशोब करून बघा, वाऱ्याच्या अगदी समोर १० मैल जायला प्रत्यक्षात २६ मैल कापावे लागतात, शिवाय जहाज चालता चालता आडवं घसरतं ते वेगळंच. म्हणजे नकाशावर वीतभर अंतरावर दिसणारं बेट दोन दिवस हाताला लागत नाही आणि परत येताना तेच अंतर दुपारच्या जेवणाआधी संपतं. प्लॉट इथेच आहे सगळा, वेगळा शोधायला जाऊ नका.

नागमोडी जाताना वळायचे दोन प्रकार. एक म्हणजे जहाजाचं नाक वाऱ्यातून फिरवायचं. हे झटपट होतं पण यात सगळा क्रू लागतो आणि वेग कमी असला किंवा एखादी लाट आडवी आली तर नाक मधेच अडकतं, शिडं उलटी फुगतात आणि जहाज वाऱ्याकडे तोंड करून खुळ्यासारखं उभं राहतं, मागे मागे सरकायला लागतं. दुसरा प्रकार म्हणजे पाठ वाऱ्यातून फिरवायची. आपल्याकडे वारा पाहून पाठ फिरवणं म्हणजे संधीसाधूपणा, पण इथे तो निव्वळ शहाणपणा आहे, जोरदार वाऱ्यात हाच सुरक्षित मार्ग. फक्त गोल मोठा पडतो आणि तासभर घाम गाळून कमावलेलं अंतर त्यात हातचं जातं. आता बघा, शत्रू मागे आहे, समोर खडक आहे, कॅप्टनकडे दोन पर्याय आहेत, एकात अडकायची भीती आणि दुसऱ्यात खडकावर जायची. कोणी तलवार उपसायच्या आधीच वाचणारा पुढे सरकून बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे किनारा. आपल्यासारख्या जमिनीवरच्या माणसाला वाटतं वादळात किनारा दिसला म्हणजे वाचलो. शिडाच्या जहाजाला उलटं, वारा ज्या किनाऱ्याकडे ढकलतोय तो किनारा म्हणजे मरण, आणि खोल समुद्र म्हणजे मोकळा श्वास. तुमच्या गोष्टीत वादळ सुरू झालं आणि कॅप्टन "किनाऱ्याकडे चला" म्हणाला की समजा जाणकार वाचक गेला. नांगर टाकता येतो, पण तो धरेलच असं नाही, आणि नांगर घसरतोय हे अंधारात कळणं, पायाखाली दोर थरथरतोय, हे लिहायला मिळणं म्हणजे पर्वणी आहे खरंतर.

लढाईत कोण कुठे

दोन जहाजं समोरासमोर आली की पहिला प्रश्न, वाऱ्याकडच्या बाजूला, म्हणजे जिकडून वारा येतोय तिकडे, कोण? जो तिकडे आहे तो हल्ला कधी करायचा ते ठरवतो, त्याच्या तोफांचा धूर वारा शत्रूच्या अंगावर नेऊन टाकतो, तो मनाला येईल तेव्हा खाली झेपावू शकतो. आडोशाच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडे जातोय तिकडे असलेला वर चढून येऊ शकत नाही. पण त्यालाही फायदे आहेत, आणि हे बरेच जण विसरतात, त्याला पळून जायला वाट मोकळी असते आणि त्याचं जहाज शत्रूपासून उलटीकडे कलतं. वाऱ्याकडचं जहाज मात्र शत्रूच्या बाजूलाच कलतं, आणि खवळलेल्या समुद्रात खालच्या मजल्यावरच्या तोफांची झडपं त्या बाजूला पाण्याला टेकतात. तीच सगळ्यात मोठी तोफखान्याची रांग. मग उघडायची की नाही?

हा नुसता पुस्तकी प्रश्न नाहीये. २० नोव्हेंबर १७५९ ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर किबरॉनच्या खाडीत ब्रिटिश अॅडमिरल हॉक भर वादळात फ्रेंचांच्या मागे खडकाळ पाण्यात घुसला, त्या लढाईत थेझे नावाच्या ७४ तोफांच्या फ्रेंच जहाजाने खालची झडपं उघडी ठेवून तोफा चालवल्या, त्यातून पाणी आत शिरलं आणि जहाज जवळजवळ सगळ्या माणसांसकट गेलं. त्याच्याशी लढणाऱ्या ब्रिटिश जहाजातही पाणी आलं होतं, ते थोडक्यात वाचलं. एक लाकडी झडप उघडायची का नाही एवढ्यावर शेकडो माणसांचा जीव.

नाईलची लढाई पण याच नजरेने वाचून बघा. १ ऑगस्ट १७९८, इजिप्तच्या किनाऱ्यावर अबुकीरची खाडी, १३ फ्रेंच युद्धनौका रांगेत नांगर टाकून उभ्या, आणि वारा रांगेच्या डोक्याकडून शेपटीकडे वाहतोय. ब्रिटिश अॅडमिरल नेल्सनची जहाजं संध्याकाळी त्याच वाऱ्यावर आली आणि डोक्यावर आणि मधल्या भागावर तुटून पडली, काही तर फ्रेंच रांग आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात शिरली जिथून कोणी येईल असं फ्रेंचांना वाटलंच नव्हतं. शेपटीकडची जहाजं? ती बघत बसली. मदतीला यायचं तर तोंडावर वारा. त्या १३ पैकी फक्त दोन निसटली. मला विचाराल तर या लढाईवर गोष्ट लिहायची तर शेपटीकडच्या एखाद्या फ्रेंच जहाजावरच्या पोराच्या नजरेतून लिहावी, पुढे आपली माणसं जळतायत, रात्री दहाच्या सुमाराला सगळ्यात मोठं जहाज लोरियां स्फोट होऊन उडतं, आणि आपण वाऱ्यामुळे जागेवर.

सगळं संथ असतं, घाबरू नका

सिनेमे बघून आपल्याला वाटतं की जहाज दिसलं की पाच मिनिटात धडाड्धूम. खरं म्हणजे हा सगळा प्रकार भयंकर संथ असतो आणि लेखकासाठी तीच चांगली बातमी आहे. ट्रफाल्गरची लढाई घ्या, २१ ऑक्टोबर १८०५, पहाटे सहाच्या आसपास शत्रू दिसला आणि तोफा सुरू झाल्या दुपारी बाराच्या सुमाराला. मधले सहा तास ब्रिटिशांची २७ जहाजं मंद वाऱ्यावर चालत्या माणसाच्या वेगाने ३३ फ्रेंच-स्पॅनिश जहाजांकडे सरकत होती. सहा तास! सगळं समोर दिसतंय, पळता येत नाही, घाई करता येत नाही. माणसं जेवली, बॅंड वाजले, पत्रं लिहिली. तुमच्या पात्रांची खरी ओळख करून द्यायची असेल तर या सहा तासात करा, तोफा सुरू झाल्यावर कोणाला बोलायला ऐकायला येत नाही.

पाठलागाचं गणित पण करून ठेवा. ३० मीटर उंचीवर डोलकाठीच्या टोकाला बसलेल्या पोराला क्षितिज साधारण ११ सागरी मैलांवर असतं, आणि समोरच्या जहाजाची वरची शिडं पण तितकीच उंच असतील तर स्वच्छ हवेत वीसेक मैलांवरून ती दिसू शकतात. समजा मधलं अंतर १० मैल, तुम्ही ८ नॉटने, म्हणजे तासाला ८ सागरी मैलांनी चाललाय आणि तो ७ ने. म्हणजे दहा तास लागणार. सकाळी नऊला दिसला तर गाठायला संध्याकाळचे सात, तोवर अंधार, आणि अंधारात तो दिवे मालवून दिशा बदलणार. कॅप्टनला अंदाज बांधायचाय की तो कुठे वळेल. बुद्धिबळ आहे हे.

आणि वारा पडला तर काय, तर आणखी मजा. जुलै १८१२ मधे अमेरिकन फ्रिगेट (मधल्या आकाराची वेगवान युद्धनौका) कॉन्स्टिट्यूशनच्या मागे ब्रिटिशांची पाच जहाजं लागली आणि वारा गेला. मग काय केलं, तर लहान होड्यांमधून नांगर पुढे नेऊन पाण्यात टाकायचा आणि जहाजावरून तो दोर ओढून ओढून जहाज नांगरापर्यंत आणायचं, मग दुसरा नांगर पुढे. शिडं घट्ट विणीची व्हावीत म्हणून त्यांच्यावर पाणी मारलं, वजन कमी करायला पिण्याचं पाणी समुद्रात सोडून दिलं. ब्रिटिशांनीही तेच सुरू केलं. दोन दिवसांहून जास्त चाललं हे, शेवटी सुटले. एका निवांत समुद्रावर शेकडो माणसं दोर ओढतायत, एवढंच, पण वाचताना छातीत धडधडतं.

वेग मोजायची पद्धत माहीत असू द्या. लाकडाची फळी दोराला बांधून मागे सोडायची, दोराला ४७ फूट ३ इंचांवर गाठी, २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि तेवढ्यात किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. नॉट म्हणजे शब्दशः गाठच. रात्री ओल्या दोराच्या गाठी बोटांनी मोजणारा पोऱ्या हा "जहाज ८ नॉटने चाललं होतं" या वाक्यापेक्षा केव्हाही चांगला.

जहाज छोटं घ्या

नवीन लिहिणारे सगळे नेल्सनच्या व्हिक्टरीसारखं १०० तोफांचं जहाज घेतात. नका घेऊ. तिच्यावर ट्रफाल्गरला ८०० च्या वर माणसं होती, कुठे कुठे पुरे पडणार तुम्ही, आणि अशी मोठी जहाजं बहुतेक वेळ रांगेत इतर मोठ्या जहाजांबरोबर फिरतात, कॅप्टनला स्वतःचं डोकं चालवायला वाव कमी, अॅडमिरलचे झेंडे वाचायचे आणि तसं वागायचं. त्यापेक्षा फ्रिगेट घ्या, एकच मुख्य तोफांचा मजला, वेगवान, एकटी फिरणारी. किंवा त्याहून लहान.

लहान जहाजाने काय होऊ शकतं त्याचं उदाहरण म्हणजे ब्रिटिश आरमारातला थॉमस कॉक्रन. ६ मे १८०१, त्याच्या स्पीडी नावाच्या जहाजावर १४ तोफा, त्या पण चार पौंडी, म्हणजे एका बाजूचे सगळे गोळे मिळून २८ पौंड, कोटाच्या खिशात मावतील एवढे. माणसं ५४. समोर स्पॅनिश गामो, ३२ तोफा, ३१९ माणसं. हा आधी अमेरिकन झेंडा लावून जवळ गेला आणि मग इतका खेटून उभा राहिला की गामोच्या तोफांचे गोळे याच्या डोक्यावरून जायला लागले, तेवढ्या खाली त्या वळतच नव्हत्या. आणि शेवटी जहाज जिंकलं. हे मी मनाने लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता काहीही फेकतो. खोटा झेंडा लावणं तेव्हा चालायचं बरं का, फक्त पहिली तोफ डागायच्या आधी खरा झेंडा चढवायचा असा रिवाज. ती झेंडा बदलायची वेळ म्हणजे सीनचा कळस, ती एका ओळीत उरकू नका.

तोफांबद्दल भराभर सांगतो. गोळे फुटत नाहीत, भरीव लोखंडाचे असतात, जहाजावर गोळा पडून आगीचा डोंब उठला असं लिहिलं की खोटं पडता. माणसं जास्त जखमी होतात ती लाकडाच्या उडालेल्या ढलप्यांनी. लाकडी जहाज गोळ्यांनी सहसा बुडत नाही, डोलकाठ्या तुटतात, माणसं संपतात, मग झेंडा उतरवतात, ट्रफाल्गरला लढाई चालू असताना एकच जहाज कायमचं गेलं, फ्रेंच आशील, ते पण आग लागून स्फोट झाला म्हणून. उलट लढाईनंतर आलेल्या वादळाने जिंकलेली कितीतरी जहाजं गिळली, म्हणजे परत वाराच. तोफ डागली की मागे उसळते, मधे सापडला तो मेला. चांगला सराव असलेला क्रू पाच मिनिटात तीन बार काढायचा. सगळ्यात घातक मार म्हणजे शत्रूच्या नाकासमोरून किंवा पाठीमागून आडवं जात मारलेला, कारण गोळा जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं कापत जातो आणि त्याच्या बाजूच्या तोफा तुमच्याकडे वळत नाहीत. तिथे पोचायचं कसं? वाऱ्याने. झालं, परत तिथेच आलो.

चाक पण कॅप्टन स्वतः फिरवत नाही, त्याला वेगळी माणसं असतात. ट्रफाल्गरला व्हिक्टरीचं चाक उडालं तेव्हा खाली सुकाणूच्या दांड्याला चाळीसेक माणसं लावून जहाज वळवावं लागलं होतं, वरून ओरडलेला हुकूम मजल्यामजल्याने खाली पोचतोय, असं.

साल ठरवा, मग बाकीचं आपोआप ठरतं

"अठराव्या शतकात कधीतरी" चालत नाही. साल बदललं की जहाजावरचं सगळं बदलतं. रेखांशाचं बघा, अक्षांश सूर्यावरून काढता यायचा पण पूर्व-पश्चिम आपण कुठे आहोत ते धड कळायचं नाही. १७०७ मधे ब्रिटिश आरमाराची चार जहाजं सिली बेटांच्या खडकांवर आदळून गेली, अॅडमिरल शोव्हेलसकट. १७१४ मधे यावर उपाय शोधणाऱ्याला २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस जाहीर झालं. समुद्रातही घरच्या बंदराची वेळ अचूक दाखवणारं जॉन हॅरिसनचं घड्याळ १७६१ मधे जमैकाच्या सफरीवर तपासायला नेलं, आणि पृथ्वी तासाला १५ अंश फिरते त्यामुळे घड्याळ चार मिनिटं चुकलं की एक अंश चुकतो, हे लक्षात घेतलं की घड्याळाला रोज चावी देणारा माणूस किती महत्त्वाचा ते कळतं. तुमची गोष्ट १७४० ची असेल तर कॅप्टन अंदाजाने चाललाय, बेटाच्या अक्षांशावर येऊन मग त्या रेषेवरून सरळ जातोय आणि रात्री झोपत नाहीये. १८१० ची असेल तर घड्याळ असू शकतं, मग ते बिघडवा.

स्कर्व्हीचं, म्हणजे ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणाऱ्या रोगाचं, तसंच. १७४० ला निघालेल्या ब्रिटिश आरमाराच्या अॅन्सनच्या ताफ्यातली बहुतेक माणसं मेली, आणि शत्रूच्या हातून मेलेली अगदी मोजकी. १७४७ मधे जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने १२ रोग्यांवर प्रयोग केला, संत्री-लिंबू मिळालेले दोघं भराभर सुधारले. आरमारात लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ उजाडलं. म्हणजे १७६० च्या गोष्टीत हिरड्या सुजलेला खलाशी चालेल, १८०५ च्या गोष्टीत तो असेल तर रस का मिळाला नाही याचं कारण द्यावं लागेल, आणि ते कारण म्हणजे कोणीतरी पैसे खाल्ले असलं तर मस्तच.

बक्षिसाच्या पैशांचं पण, शत्रूचं जहाज पकडलं की त्याच्या किमतीतला तीन अष्टमांश भाग कॅप्टनचा, त्या तीन अष्टमांशांतला एक तो वरच्या अॅडमिरलला द्यायचा, आणि दोन अष्टमांशात अख्खे साधे खलाशी. १८०८ मधे हे वाटप बदललं. लोभ, मत्सर, मैत्री तुटणं, काय हवं ते यातून काढा.

रोजच्या जगण्यातलं थोडं, जास्त नको. दिवस चार चार तासांच्या पाळ्यांमधे वाटलेला, फक्त संध्याकाळी ४ ते ८ च्या दोन छोट्या पाळ्या, म्हणजे रोज त्याच माणसावर तीच पाळी येत नाही. दर अर्ध्या तासाला घंटा, एकापासून आठपर्यंत, आठ झाल्या की पाळी बदलली. १७४० मधे अॅडमिरल व्हर्ननने रममधे चौपट पाणी घालायचा हुकूम काढला, खलाशांनी त्या पेयाला त्याच्याच टोपणनावावरून ग्रॉग म्हणायला सुरुवात केली. आणि गंमत म्हणजे ब्रिटिश आरमारात १८०५ पर्यंत जहाजाच्या नोंदवहीतला दिवस दुपारी बाराला सुरू व्हायचा, त्यामुळे नोंदवहीत लढाई सोमवारची दिसते आणि जमिनीवरच्या कॅलेंडरप्रमाणे ती रविवारी दुपारी झालेली असते. एखाद्या पात्राला खोटं पाडायला हे वापरा, मी वापरलंय.

मराठीत लिहिताना

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. एकतर माणूस सगळे इंग्रजी शब्द देवनागरीत कोंबतो, "मेन टॉपगॅलंटचा हॅलियार्ड सोडा!" आणि वाचणाऱ्याला वाटतं शिवी दिली, नाहीतर सगळ्याचं संस्कृत करतो आणि कॅप्टन बोलतो कीर्तनकारासारखा. माझा हिशोब सोपा आहे. शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, दोर, तोफ, खलाशी, तांडेल, भरती, ओहोटी, खाडी, हे आपलेच, बिनधास्त वापरा. डेक, कॅप्टन, लेफ्टनंट, फ्रिगेट, कंपास आता सगळ्यांना कळतात. बाकी पन्नास दोरांना पन्नास नावं असतात, त्यातली तीन घ्या, आणि शब्द समजावून सांगू नका, काम दाखवा. "वरचं शीड उतरवा!" असा हुकूम, मग सहा जण दोरजाळीवरून वर पळतात, वाशावर पोट टेकून ओलं कापड मुठी मुठीने गोळा करतात, नखं उलटतात. कळलं की सगळं. दोरजाळी म्हणतोय कारण मी आधी "शिडाची शिडी" लिहिलं होतं आणि दोनदा मोठ्याने वाचल्यावर जीभ वळेना.

वाऱ्यावर हा शब्द पण जपून. आपल्याकडे वाऱ्यावर सोडलं म्हणजे बेवारस, आणि जहाजावर वाऱ्याकडे असणं म्हणजे राजाच. म्हणून मी "वाऱ्याकडची बाजू" आणि "आडोशाची बाजू" असं लिहितो, पहिल्या दोन-तीन वेळी वाचणारा थांबतो, मग सवय होते.

आणि जी गोष्ट इंग्रजीत लिहिणाऱ्याला मिळत नाही ती आपल्याकडे फुकट आहे, तू आणि तुम्ही. दोन लेफ्टनंट लहानपणापासून एकाच जहाजावर वाढलेत (बारा-तेरा वर्षांची पोरं अधिकारी व्हायला जहाजावर यायची तेव्हा), केबिनमधे एकटे असले की अरे-तुरे, डेकवर माणसांसमोर तुम्ही. त्यातला एक कॅप्टन होतो. पहिल्या रात्री केबिनमधे दुसरा त्याला काय म्हणणार? तो "अरे" म्हणायला तोंड उघडतो आणि "सर, तुम्ही" बाहेर पडतं. पानभर वर्णनाचं काम झालं. खलाशी कॅप्टनला सर किंवा साहेब, कॅप्टन खलाशाला तू, पण फटक्यांची शिक्षा वाचून दाखवताना कॅप्टन अचानक त्याच खलाशाला तुम्ही म्हणाला तर अंगावर काटा येतो की नाही सांगा.

ब्रिटिश जहाजच कशाला, असं वाटत असेल तर आंग्र्यांचं आरमार याच काळातलं आहे आणि तिथे तर वाऱ्याचा खेळ आणखी निराळा. उथळ पाण्यात चालणाऱ्या गुराबा, तोफा नाकाशी पुढे तोंड करून, आणि सोबत वल्ह्यांची गलबतं. वारा पडला की मोठं युरोपियन जहाज खुंटीला बांधल्यासारखं उभं, आणि गलबतं गुराबांना ओढत त्याच्या पाठीमागे आणून ठेवतात, जिथे त्याच्या फारशा तोफाच नाहीत. म्हणजे कॉन्स्टिट्यूशनचा कॅप्टन जे वाऱ्यासाठी देवाची प्रार्थना करत असेल त्याच्या उलट कान्होजींचा माणूस वारा पडायची वाट बघतोय. कान्होजी १७२९ ला गेले, फेब्रुवारी १७५६ मधे इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्हने विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचं आरमार तिथे जळालं, मधली सत्तावीस वर्षं कादंबरीकाराला मोकळी आहेत.

सराव कसा करायचा

मी आता प्रत्येक सीनच्या आधी कोऱ्या कागदावर एक बाण काढतो, तो वारा. मग किनारा, मग सूर्य कुठे आहे, मग आपलं जहाज आणि समोरचं, आणि दोघांना न जाता येणारा तुकडा पेन्सिलीने काळा करतो. जे पांढरं राहिलं तेवढ्यातच गोष्ट घडू शकते. जमेल तर जुन्या जहाजांच्या नोंदवह्या बघा, लंडनमधे क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमधे त्या ठेवलेल्या आहेत, काहींचे छापील उतारेही मिळतात. पानावर रकाने असतात, तास, वेग, दिशा, वारा आणि शेवटी शेरा. माणूस समुद्रात पडून मेला तर शेऱ्यात अर्धी ओळ, पण वाऱ्याचा रकाना सहसा मोकळा नसतो.

पहिला सराव म्हणून असं एक पान घ्या, नाहीतर स्वतः बनवा, चोवीस तासांचं, दर तासाला वारा लिहा आणि रात्री दोनच्या सुमाराला तो चार घरं फिरवा. शत्रू, प्रेम, खजिना काही घालू नका. फक्त दोन वाजता डेकवर ज्याची पाळी आहे त्या माणसाला गालावर तो बदल जाणवतो, तिथून सुरू करा, कॅप्टनला उठवायचं का नाही हे त्याला ठरवू द्या, आणि पाचशे शब्द झाले की थांबा.